जागा एकसारखी, फ्रिज मात्र कोमट

गाडीमागे ट्रेलर जोडून रस्त्याला लागलेल्या आणि लागू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांचा एक राग समान आहे. ट्रेलर भाड्याने देणारा माणूस आपल्याला पडदे दाखवतो, घडीचा पलंग उघडून दाखवतो, छताचा पंखा तीन वेगांत फिरवून दाखवतो. फ्रिजजवळ आला की म्हणतो, "गॅसवर चालतो. बटन दाबायचं, झालं." दुसऱ्या दिवशी दूध नासतं. आपण फोन करतो. तोच माणूस गारेगार आवाजात सांगतो, "तुम्ही नीट वापरला नसेल." अरे, नीट म्हणजे कसा, हे सांगायचं काम कोणाचं होतं? सोबतचं माहितीपुस्तक चार भाषांत असतं आणि त्या चारांत आपली नसते. वस्तू आपल्या गळ्यात मारायची आणि समज स्वतःच्या खिशात ठेवायची, हा धंदा मला मान्य नाही.

आमच्या फ्रिजमध्ये दुधापेक्षा मोलाची गोष्ट होती. माझी बायको नीलिमा इन्सुलिन घेते. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाला गेलो असताना कुण्या प्रेमळ आत्याबाईंनी तिच्या बाटल्या "जास्त गार राहतील" म्हणून बर्फाच्या कप्प्यात सरकवल्या. गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं, आणि ते नुसतं बघून कळतंच असं नाही. नीलिमाला तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. तेव्हापासून ती नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्याच्या घराबाहेर एकदाही मुक्कामाला राहिली नव्हती. औषध कुठल्याही गावात विकत मिळतं, हे तिलाही माहीत आहे. पण परक्या फ्रिजवरचा तिचा विश्वासच उडाला होता. म्हणून मी ट्रेलर ठरवला. फ्रिज आपल्यासोबत, आपल्या डोळ्यांसमोर. तिने होकार दिला, पण अट घालून. "आत थर्मामीटर ठेवणार. काटा आठ अंशांच्या वर गेला की मी परत."

चार दिवसांचा बेत साधा होता. काटोलजवळ अशोक या माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या संत्र्याच्या बागेत एक मुक्काम, चिखलदऱ्याला दोन, मग घरी. इतवारीच्या बाजारात जाऊन दोर, बादली आणि एक मोठी स्टीलची थाळी घेतली. आदल्या दिवशी ट्रेलर घरासमोर लावून फ्रिज विजेवर गार करून घेतला. गॅसच्या फ्रिजला गार व्हायला सहा-सात तास तरी लागतात, हे पहिलं लक्षात ठेवा. सकाळी निघताना काटा पाचवर होता.

मार्चचा दुसरा आठवडा. काटोल रोडला तर्री-पोहे खाल्ले. नीलिमाने तर्री माझ्या ताटलीत ओतली आणि पोहे तेवढे स्वतःकडे ठेवले. कळमेश्वरपर्यंत रस्ता छान, पुढेही बरा. ट्रेलर मागे असताना पन्नासच्या वर जाऊ नका, आणि गतिरोधक दिसला की आधीच पाय ब्रेकवर ठेवा. चालत्या गाडीत फ्रिज गाडीच्या बॅटरीवर होता आणि गॅसची टाकी बंद. अकराला आम्ही अशोकच्या बागेत पोचलो.

अशोक मातीत हात घालून शिकलेला माणूस. वर्गात माझ्याशी वाद घालणारा तो एकटाच होता, म्हणून लक्षात राहिला. मृग बहाराची शेवटची फळं उतरत होती. बांधाजवळची मोकळी जागा दाखवून तो म्हणाला, "सर, इथं लावा. जागा एकदम एकसारखी आहे. डोळे मिटून लावा."

मी डोळे उघडे ठेवून लावला. खरंच एकसारखी जागा. खड्डा नाही, दगड नाही. चाकं सरकू नयेत म्हणून दगडांच्या उट्या लावल्या, गॅस सुरू केला, निळी ज्योत पेटली, आणि मी संत्री खायला बागेत शिरलो. झाडावरून तोडून तिथेच सोललेल्या संत्र्याबद्दल मी काही लिहीत नाही. जाऊन खा.

दोन वाजता काटा नऊवर. चार वाजता तेरावर.

मी बटन शेवटपर्यंत फिरवलं. ज्योत मोठी झाली, काटा खाली येईना. अशोक म्हणाला, "गॅस संपला असन." गॅस भरपूर होता. मालकाला फोन केला. तो काय म्हणाला ते तुम्हाला पाठ आहे. मग मी झाडाखाली उभा राहून कंपन्या, भाडेवाले, परभाषेतली पुस्तकं आणि ग्राहकाच्या अज्ञानावर जगणारी अख्खी व्यवस्था यांवर पंधरा मिनिटं बोललो. मजूर टोपल्या खाली ठेवून ऐकत होते. एकाने तर टाळी वाजवली.

"झालं?" ट्रेलरच्या दारातून नीलिमा म्हणाली. "आता काटोलहून नागपूरची शेवटची बस कितीला आहे ते विचारा."

तिच्या हातात पिशवी होती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती शांत होती. असंच होणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. पुन्हा नऊ वर्षं घरात, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेवढ्यात बांधावरून पांढऱ्या साडीतल्या एक वयस्क बाई आल्या. सुलोचनाताई. आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. गाव अजूनही त्यांना सिस्टरच म्हणतं. त्या चाकांवरचं घर बघायला आल्या होत्या.

"जय भीम सर," त्या मला म्हणाल्या, आणि लगेच नीलिमाकडे वळल्या. "काहून वं बाई, आली तशीच पिशवी भरून राहिली?"

नीलिमाने सांगितलं. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अशोक, दोन मडके आण गा. एक लहान, एक मोठं. अन् रेती."

मोठ्या मडक्यात ओली रेती, रेतीत लहान मडकं, लहान मडक्यात डब्यात बंद केलेल्या बाटल्या, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. पाच मिनिटांत औषधाची सोय झाली. नीलिमाने तिथूनच आपल्या डॉक्टरांना फोन लावला. काही तास तेरा अंशांवर राहिल्याने बाटल्यांना काही होत नाही, असं त्यांनी सांगितल्यावर तिने पिशवी खाली ठेवली. अजून रिकामी मात्र केली नाही.

सिस्टर फ्रिजला कान लावून उभ्या राहिल्या. "याच्यात मोटर नाही ना?"

"नाही. ज्योतीवर चालतो."

"आमच्या सेंटरवर असाच होता. घासलेटवर चालत होता. लशी ठेवायचो त्यात. त्याले सपाट जागा लागते, नाहीतर दिवा जळून राहते अन् फ्रिज झोपून राहते."

"पण ताई, जागा सपाटच आहे!"

"थाळी आहे?"

इतवारीची थाळी होती. त्यांनी ती फ्रिजच्या आत तळाशी ठेवली आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. सगळं पाणी एका काठाला जाऊन बसलं. दुसरा काठ कोरडा ठक्क.

मी अशोककडे वळलो. "तू म्हणालास ना, जागा एकसारखी आहे?"

"एकसारखीच आहे न सर! इथून तिथपर्यंत एकसारखा उतार आहे. कुठं खाली-वर दाखवा मले." तो खरोखर दुखावला होता. "मी सपाट कुठं म्हटलं? संत्र्याच्या बुडात पाणी उभं राहिलं तर झाड मरते. वडिलांनी दोन उन्हाळे माती ओढून हा ढाळ काढला आहे."

चाळीस वर्षं मी लोकांना शब्द जपून वापरा म्हणून सांगत आलो. आणि एका साध्या शब्दाचा मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला. शेतकऱ्याची चांगली जमीन म्हणजे पाणी वाहून नेणारी जमीन. ती अशोकने मला अभिमानाने दिली होती. डोळ्यालाही कळलं नव्हतं, कारण झाडांच्या ओळी, बांध आणि ट्रेलर, सगळेच एका बाजूला कलले होते.

आता जाणाऱ्यांसाठी नीट लिहितो. या फ्रिजमध्ये द्रव ढकलणारा पंप नसतो. नळ्यांमधला द्रव स्वतःच्या वजनाने खाली उतरतो आणि त्यावरच गारवा अवलंबून असतो. फ्रिज कलला की द्रव मध्येच साचतो. ज्योत जळत राहते, गारवा येत नाही, आणि तसंच चालवत राहिलं तर फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. मी ज्योत मोठी केली, ती घोडचूक होती. चालत्या गाडीत हेलकाव्यांमुळे द्रव हलत राहतो, म्हणून काटोलपर्यंत सगळं ठीक होतं. आणि कधी उग्र, नाकात झोंबणारा वास आला, तर गॅस बंद करून आधी बाहेर पडा.

आम्ही गॅस बंद केला. खालच्या बाजूच्या चाकापुढे जुन्या बैलबंडीच्या दोन जाड फळ्या टाकल्या. मी गाडी इंचाइंचाने पुढे घेत होतो, नीलिमा आत थाळीपाशी, सिस्टर दारात.

"अजून. अजून थोडं. थांबा गा! सर, ब्रेक दाबा, बोलू नका!"

एक फळी जास्त झाली, ती काढली. डावी-उजवी बाजू जमल्यावर उट्या लावल्या, गाडी सोडवली, मग ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या लहान चाकाचं हँडल फिरवून पुढची-मागची बाजू जमवली. थाळीत पाणी काठाकाठाने सारखं उभं राहिलं. साचलेला द्रव उतरायला वेळ देऊन अर्ध्या तासाने पुन्हा ज्योत पेटवली.

जेवायला अशोककडे पाटवडी-रस्सा होता. रस्सा वाढता वाढता सिस्टर म्हणाल्या, "सर, तुमचं भाषण मी बांधावरूनच ऐकलं. चांगलं होतं. पण फ्रिजले ऐकू येत नाही न." सगळ्यांत मोठ्याने नीलिमा हसली.

सकाळी चहाच्या आधी तिने फ्रिज उघडला. मी बाहेर उभा होतो. विचारायची हिंमत होईना. "पाच," ती आतून म्हणाली. मग मडक्यातल्या बाटल्या आत ठेवल्या आणि पिशवी रिकामी केली.

वरूड, मोर्शी, परतवाडा करत आम्ही चिखलदऱ्याचा घाट चढलो. ट्रेलर असेल तर सकाळीच चढा, वळणं अरुंद आहेत. वरती सपाट जागा शोधणं म्हणजे वेडेपणा. नीलिमाने थाळी काढली, मला गाडीत बसवलं आणि हुकूम सोडू लागली. शेजारच्या तंबूतली अनोळखी मंडळी चहा पीत बघत होती.

"वहिनी, पूजा मांडली का?"

"हो ना. बसा भाऊजी, प्रसाद गार करून देते."

दहा मिनिटांत ट्रेलर समतल झाला. त्यांच्यातल्या एकाचा भाड्याचा ट्रेलर पलीकडे उतारावर उभा होता आणि त्यातलं आईस्क्रीम सकाळीच वाहून गेलं होतं. संध्याकाळी तोच थाळी मागायला आला. दोन दिवस आम्ही रबडी खाल्ली (मी तिच्या वाटचीसुद्धा), कॉफी प्यायलो, दरीकाठी बसून वाचलं. काटा सहाच्या वर गेला नाही.

अमरावतीवरून चौथ्या दिवशी घरी आलो. गॅसची छोटी टाकी निम्मीही संपली नव्हती. खर्च, रस्ते, दऱ्या हे सगळं हळूहळू विसरेन. पण घरी आल्यावर माझी चप्पल काढून होते न होते, तोच नीलिमा कोल्हापूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, "डिसेंबरात येतो. हो, मुक्कामाला. आठ दिवस." मला विचारलंही नाही. इतका आनंद मला कुठल्याही टाळ्यांनी दिलेला नाही.

आणि म्हणूनच माझा राग मी सोडलेला नाही. एका थाळीभर पाण्याची गोष्ट न सांगितल्याने कुणाचा प्रवास मोडतो, कुणाचं औषध जातं, आणि दोष त्यांच्याच माथी येतो. प्रत्येक बागेत सिस्टर भेटणार नाहीत. तेव्हा मित्रांनो, पुढचा ट्रेलर ताब्यात घ्याल त्या दिवशी मालकाला सांगा, फ्रिजच्या तळाशी पाण्याची थाळी ठेव आणि गाडी माझ्यासमोर समतल करून दाखव. तो दाखवेपर्यंत चावी हातात घेऊ नका.