फाळक्यावरची अर्धी ओळ

आमचे हे गेले तेव्हा वाशी गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरची ट्रॉली अर्धवट उभी होती. मागच्या फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या दारावर, वेल्डिंगची हातभर ओळ ओढून, छातीत दुखतंय म्हणून ते घरी आले आणि संध्याकाळी सगळं संपलं.

दीर तेर गावी वेल्डिंगच करतात. "ट्रॉली म्या पुरी करतो," म्हणाले. मी नको म्हटलं. ह्यांची अर्धी राहिलेली ओळ दुसऱ्या कुणी पुरी करावी, हे मला सहन होईना. "मलाच शिकवा," म्हटलं. ट्रॉलीचे मालक माकणी गावचे, भले गृहस्थ. सावकाश द्या म्हणाले.

तोवर मिग वेल्डिंगची गन मी हातातही धरली नव्हती. दर रविवारी दीर यायचे, एरवी मी एकटीच भंगारावर हात चालवायची. कुठं ढेकूळ, कुठं पातळ, आणि सगळीकडं भोकं. जाळी अनारशाला शोभते, लोखंडाला नाही. मशीनच बिघडलंय असं मी म्हटलं तर दीर हसले.

"वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं! आधी तो पंखा बंद करा. वाऱ्यानं जोडावरचा गॅस उडतोय, मग भोकं पडायचीच."

भर मे महिना. पंखा बंद केला, पण रागच आला मला. राग त्यांच्यावर नव्हता. हे सांगायला ज्यांनी असायचं, ते नव्हते.

"ठिणग्यांकडं बघू नका. वितळल्याला थेंब बघा, त्याच्या चालीनं चाला. घाई न्हाय."

दोन महिने मी तेच केलं. भंगारावर जोडलेली माझी पट्टी ह्यांच्या ओळीशेजारी धरायची आणि लाजून भंगारात टाकायची. शेवटी एका रविवारी दीर म्हणाले, "आता फाळका घ्या. पण दादाच्या ओळीच्या टोकाला खड्डा हाय. तेवढा घासा, न्हायतर जोड धरणार न्हाय."

ह्यांच्या हातच्या कामावर ग्राइंडर लावायचा माझा धीर होईना. तसंच पुढं जोडलं. दिरांनी हातोडा मारला आणि नेमकं तिथंच तडकलं.

"म्या घासू का?"

"नको."

बोटभर घासलं. गॉगलच्या आत डोळे वाहत होते, पण हात थांबवला नाही. मग गन धरली, तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज आला आणि ओळ पुरी झाली.

बाकीची ट्रॉली व्हायला आठ दिवस लागले. रंग द्यायच्या आधी माकणीचे गृहस्थ बघायला आले. फाळक्यावरून हात फिरवत हळूच म्हणाले, "ताई, ह्यात दादांचं काम कुठवर हाय?"

दाखवायला मी खाली बसले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. सगळी ओळ सारखीच. दोन महिने मी हेच तर मागत होते.

"इथंच कुठंतरी," मी म्हणाले, आणि फाळक्याला धरून परक्या माणसासमोर रडले.