मानसात आनली

"पाहा साहेब, भामरागडकडची माडिया आदिवासी आहे. मीच हिले मानसात आनली."

खर्रा चघळत मालक माह्या कानाजवळ बोलत होता. वास येत होता तोंडाचा. मांगं त्याचे पाहुने, मोबाईल धरून. ताडोबात वाघ दिसला की जिप्सीतले लोक करतात ना, तसे.

ऊर्जानगरच्या रस्त्यावरचं ते वर्कशॉप. मी लेथवर आटे कापून राह्यली होती. आटे कापताना सारा जीव एका दांडीत असते. हाफ नटची दांडी. दाबली की टूल आपोआप सरकत जाते, रॉडवर आटे पाडत जाते. शेवटाले आलं की दांडी वेळेवर उचलाची. नाई उचलली तर टूल पुढच्या जाड भागावर जाऊन आदळते.

"जरा रेला नाचून दाखव साहेबायले," मालक म्हनला.

रेला म्हंजे आमचा नाच. लग्नात, सनात हातात हात घालून सारं गाव नाचते. तो ह्या लोकायसाठी? शी!

"मशीन चालू आहे भाऊ," मी मान न वळवता म्हनलं.

त्यानं माहं मनगट धरलं. दांडीवरचा हात ओढला, मले मोबाईलसमोर फिरवलं.

खाडकन आवाज झाला. मी धावून मशीन बंद केली. टूल तुटलं होतं. आट्यायचा पार चेंदामेंदा.

मालक पाहुन्यायकडं पाहून हसला. "जंगली ते जंगलीच! जा, उद्यापासून झाडू मार."

पावसाळ्यात पुरानं आमचं गाव जगापासून तुटते. तरी डोंग्यात बसून नदी पार केली, आयटीआय शिकली मी. अन् हा म्हनते, यानं आनली! त्यानं धरलेलं मनगट मी पुसत होती. पुसूनही घान वाटत होती.

"हात तुमी ओढला," मी म्हनलं. मोबाईल चालूच होते. "सांगा यायले."

"लय तोंड सुटलं तुले?"

"सुटलं. झाडू नाई धरनार मी. अन् मी मानसातूनच आली भाऊ. चालू मशीनवरच्या बाईचं मनगट ओढनारा कुठून आला, ते तुमी पाहा."

पाहुन्यायनं मोबाईल खिशात घातले. थू तुमच्या साहेबीवर.

सकाळी गेली तर झाडू लेथले टेकून ठेवला होता. उचलून बाजूले फेकला. नवं टूल बांधलं. मालक दारातून पाहत होता.

कामावरून काढाचं तर काढ म्हना. जिथी जाईन तिथी लेथवरच उभी राहीन. दांडीवरचा माहा हात आता कोनाच्या बापाले ओढू देनार नाई.