बर्फाच्या डोंगराचं नाव

भुईमुगाच्या टरफलांचा वास आला की ती दुपार आठवते. बायकोबरोबर ओसरीवर शेंगा फोडल्या, तेच आमचं शेवटचं काम. पारोळ्याच्या बाजारातून गूळ बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद मी अक्षर लावून लावून वाचत होतो. पृथ्वीच्या टोकाला कुणा साहेबानं बर्फात डोंगर शोधला, नकाशावर काढला आणि त्याला आपल्या बायकोचं नाव दिलं, असं त्यात होतं. ती हात थांबवून म्हणाली, "सायेबनी डोंगरले बायकोनं नाव दिधं. तुम्हीन माले एकदाबी नाव लिसन हाक नही मारी." आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. मी खेकसलो, "तुनं नाव लिधं ते डोक्यावर बसशी!" ती हसली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. दिवस मावळायच्या आत छातीत कळ येऊन ती गेली. एकदा नाव घेतलं असतं तर माझं काय झिजलं असतं, हे आजही डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मयताची नोंद द्यायला चावडीवर गेलो. पाटलांनी विचारलं, "नाना, बाईनं नाव काय?" चार माणसं बसलेली. सोबत आलेल्या मेहुण्याकडे मी बोट केलं, आणि तिचं नाव त्यानं सांगितलं.