उघड्या बोटाचं कुंकू

हे मी आजवर कुणाला बोललो नाय. लेकाला नाय, देवाम्होरंही नाय. सुमनला, माझ्या बायकोला, सांगायचं होतं — पण ती होती तोवर तोंड उघडलं नाय. आता ती गेली, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आम्ही करमाडकडचे, मेंढरं राखणारी माणसं. माझी शाळा थोडकीच. मेंढरं विकली आन् मी शेंद्र्याला एका कारखान्यात लागलो. माणसाच्या खुब्यात बसवायचे टायटॅनियमचे सांधे तिथं यायचे. हा धातू अंगाला बाधत नाय. सांध्याचा जो दांडा मांडीच्या हाडात जातो, त्याच्यावर हाडातल्या चुन्यासारखी पांढरी भुकटी जाळाच्या झोतानं चढवायची — कोटिंग म्हणायचे त्याला. हाड त्या थराला धरतं आन् दांडा मांडीत घट्ट रुजतो. पण थर चढवायच्या आधी दांड्याला उघडा हात लावायचा नाय. बोटाचं तेल लागलं तर थर नीट बसत नाय, पुढं सुटतो. मला हे लगेच पटलं होतं. कोकराला परका वास लागला की मेंढी त्याला पाजत नाय — तसंच.

पटलं होतं, मग मी काय केलं?

खंडेनवमी होती. साहेबांनी मशीनच्या दाराला हळदकुंकू लावायला सांगितलं होतं, मालाला नाय. पण शेजारी ट्रेमध्ये दांडे तयार मांडलेले. माणसाच्या अंगात जायची वस्तू — ती बिनपुजेची कशी जाऊ द्यायची? आन् रबराच्या बोटानं कुंकू लावतं का कुणी? मी हातमोजा काढला. एकेकाला बोट टेकवलं, हात जोडले. साहेबांची चाहूल लागली तसं फडक्यानं पुसून टाकलं. बोललो असतो तर ते दांडे पुन्हा साफ करायला गेले असते, मला चार शिव्या बसल्या असत्या. तेवढंच. मी गप बसलो. दांडे पुढं गेले — कुणाच्या अंगात, काय माहीत.

एवढंच असतं तर कदाचित कधीचं बोललो असतो. पण खरी गोष्ट ह्याच्या पुढं आहे.

पुढं वर्षभरात सुमन ओट्यावरून घसरली, खुबा मोडला. शहरातल्या दवाखान्यात सांधा बसवला. डॉक्टर म्हणाले, मांडीत दुखत राहिलं तर लगेच दाखवा. ती चालायला लागली, आन् मांडी दुखायला लागली.

एक दिवस पाय चोळत हसली. म्हणाली, "आवं, तुमच्याच कारखान्यातला बसवला वाटतं. घरातली खुंटी तरी सरळ ठोकली का तुम्ही कधी?"

थट्टाच होती ती.

"उगं रडगाणं लावू नको," मी म्हणालो. "हाड रुजायला वेळ लागतो. मला कळतं त्यातलं."

मला त्यातलं कळतं, म्हणूनच तिनं मानलं. सून म्हणायची, "मामा, एकदा मांडीचा फोटो तरी काढून आणू." मी डाफरायचो. दवाखान्यात गेलो असतो तर सांधा कुठला ते कळलं असतं, थर सुटलाय का तेही कळलं असतं. आमच्याच कारखान्याचा होता का तो? ठाऊक नाय. मी विचारलंच नाय. भ्या कशाचं होतं? नोकरी तर तोवर सुटली होती. तिच्या नजरेतून उतरायचं भ्या — दुसरं काय?

हळूहळू तिनं सांगायचं सोडलं. उठताना मांडी धरायची. मी बघतोय असं दिसलं की हात काढून घ्यायची. कैक वर्षं तसंच. शहाण्या लेकरागत समजूतदार झाली होती ती, आन् मी ते चालू दिलं.

ह्या उन्हाळ्यात तिचं काळीज बंद पडलं. राख सावडायला गेलो, तर राखेत तो दांडा तसाच. लेक म्हणाला, "आबा, ह्याचं काय करायचं?" मी उचलून उलटासुलटा बघितला. जळून करपला होता. थर आधीच सुटलेला होता की सरणात गेला — आता कुणालाच सांगता आलं नसतं.

खरं सांगू? बायकोच्या राखेत उभा होतो, आन् मला हायसं वाटलं.