लाल की पांढरी

शिवकन्या गुरांची डॉक्टर. तालुक्याच्या सहकारी दूध संघात नोकरीला, आणि त्या दुष्काळी उन्हाळ्यात संघाने उघडलेल्या तिन्ही चारा छावण्या तिच्या एकटीच्या गळ्यात. मागे औषधांची पेटी बांधून ती दिवसभर स्कूटीवर हिंडायची आणि घरी आली की कंबर धरून भिंतीला टेकायची.

गाडी घ्यायचं ठरलं तसे सल्ले सुरू झाले. संघाचे चेअरमन मोहनराव म्हणाले, "जीप घ्या म्याडम. उंच, दणकट. आपल्या रस्त्यांना तेच बरं."

तिला जीप नको होती. परभणीला शिकत असताना एका मैत्रिणीची टर्बो इंजिनाची छोटी गाडी तिने एकदाच चालवली होती. पाय दाबताच ती चिमुकली गाडी अशी झेपावली की शिवकन्या एकटीच मोठ्याने हसत सुटली. शिरूर कासारच्या ऊसतोड्याची ही पोर. हसण्यासाठी म्हणून तिने तोवर काही घेतलं नव्हतं. तसली गाडी हवी, एवढं मात्र तेव्हापासून मनात घर करून होतं.

बीडला जालिंदर जुन्या गाड्यांचा व्यापार करायचा. त्याच्याकडे तशा दोन गाड्या एकदमच आल्या. एक लाल, एक पांढरी. कंपन्या वेगळ्या, पण आकार तोच, ताकद जवळपास तीच. लाल गाडी जमिनीला चिकटून बसलेली, टायर रुंद, सीट कमरेला घट्ट धरणारी. पांढरी बघायला अगदी साधी. कुणी वळूनही पाहिलं नसतं.

"दोन्ही लई पळतात," जालिंदर म्हणाला. "तुमी चालवून बघा, मग ठरवा."

तिने अर्थातच लाल काढली. जालिंदर शेजारी बसला. गेवराईच्या बाजूला हमरस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने झेप घेतली आणि तिला तेच जुनं हसू फुटलं. परत फिरून याच गाडीचे कागद करायचे, असं ती मनाशी म्हणत होती, तेवढ्यात फोन वाजला. तलवाड्याच्या छावणीत गाय घेऊन आलेला शेतकरी राधाकिशन बोलत होता.

"म्याडम, गाय सकाळपासून अडलीया. पाय दिसतेत, तोंड न्हाई दिसत. तेवढीच एक राह्यलीया माझी."

स्कूटीवरची पेटी तिने निघतानाच पाठीमागच्या सीटवर ठेवली होती. तिने जालिंदरकडे पाहिलं.

"चला की," तो म्हणाला. "चालवून बघायचीच हाय ना?"

हमरस्ता लाल गाडीने चुटकीसरशी संपवला. छावणीचा फाटा लागला आणि खडी पसरलेला, उकरलेला रस्ता सुरू झाला. शंभर पावलं गेली नसतील, तोच गाडीचं पोट दगडाला घासलं. शिवकन्येने दात आवळले. पुन्हा घासलं. उतरून दगड बाजूला करायचे, दहा हात जायचं, परत उतरायचं. शेवटी मागून पाण्याचा टँकर आला. तिने पेटी उचलली, लाल गाडी जालिंदरवर सोडली आणि टँकरच्या केबिनमध्ये चढली.

छावणीत राधाकिशन गाईच्या डोक्याशी बसला होता. गाय आडवी, डोळे पांढरे पडलेले. शिवकन्येने हात धुऊन आत घातला. वासराची मान मागे मुडपली होती. कळ ओसरली की वासरू आत रेटायचं, बोटं जबड्यात अडकवून तोंड पुढे वळवायचं, असं अर्धा तास चाललं. तिचा दंड बधिर झाला. मग एकदाचं नाक वाटेला लागलं आणि वासरू गोणपाटावर घसरलं. हालचाल नव्हती. तिने नाकात काडी फिरवली, छाती चोळली. वासरू शिंकलं.

राधाकिशन उठला. बादलीभर पाणी आणून त्याने स्वतः तिच्या हातांवर ओतलं. छावणीत माणशी पाणी मोजून मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पांढरी मागितली आणि आईला शेजारी बसवलं. बायनाबाईंचे गुडघे ऊसतोडीने गेलेले. सीट किंचित उंच असल्याने त्या दाराला न लटकता बसल्या. तोच फाटा, तोच रस्ता. क्लच हलका, त्यामुळे कासवाच्या चालीतही पाय भरून आला नाही. गाडी डुलत, अंग चोरत, पण न घासता छावणीपर्यंत पोचली.

येताना हमरस्त्याला शिवकन्या जपून चालवत होती. आई बाजूला आहे म्हणून.

"कावून हळू चालवतीस गं?" बायनाबाई म्हणाल्या. "म्होरं कोणीच न्हाई. पळीव की."

तिने पळवली. लालइतकी ती अंगावर आली नाही; आवाज कमी, वळणावर जराशी कलायची. पण ओढ तीच. बायनाबाईंनी एका हाताने पदर धरला, दुसऱ्याने खिडकीची काच खाली केली आणि "आगं बया" म्हणत वारा तोंडावर घेत राहिल्या.

पांढरीचे कागद त्याच दुपारी झाले. लाल गाडी पुढच्या आठवड्यात परळीच्या एका कंत्राटदाराने नेली. जालिंदरच्या दारात ती वळताना शिवकन्येने पाहिली आणि त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष लागलं नाही. मोहनराव अजूनही भेटले की जीपचं नाव काढतात. ती हो म्हणते, पेटी मागे ठेवते आणि निघते. छावण्या बंद होईपर्यंत पांढरी अकरा हजार किलोमीटर पळाली होती.