कार्डाच्या मागचं नाव

कुमुद दिघेला सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि आमच्या कॉलनीच्या महिला मंडळात ती सहा वर्षं भरतकाम शिकवत होती. अनया, तू परवा फोनवर विचारलंस, "आजी, आईच्या जुन्या वस्तूंत मोराचं कार्ड सापडलंय. मागे सौ. कुमुद दिघे असं नाव आहे. ही कोण?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून तुला आणि तुझ्या भावाला, रोहनला, हे लिहून पाठवते आहे.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे राहत होतो. कुमुद आमच्या वरच्या मजल्यावर. दारावरची बेल वाजली की ती आधी भरतकामाची रिंग मांडीवर घ्यायची आणि मगच "ये गं, उघडंच आहे" म्हणायची. रिंगमधल्या कापडावर तीन पाकळ्यांचा गुलाब होता. सहा वर्षांत त्याला चौथी पाकळी फुटली नाही. सुई मात्र दर वेळी, जणू आत्ताच हात थांबवला आहे, अशी खोचलेली असायची. मी सवयीने वस्तूंच्या जागा लक्षात ठेवते. ती सुई कधीच हलली नाही.

दुकानातल्या छापील शुभेच्छापत्रांना ती नाकं मुरडायची. जाड कागदावर कापड छापायचे लाकडी ठसे उठवायचे आणि त्या नक्षीत रेशमी दोरा भरायचा, ही कल्पना तिची. ती चांगली होती, एवढं मी मान्य करते. पण ठसाही तिला धड उठवता येत नसे. शाई जास्त व्हायची, मोराची चोच डागाळायची. "टिकली चिकटव त्याच्यावर," ती सांगायची. वर म्हणायची, "मला नजर आहे गं. हात काय, कुणाचेही चालतात."

ते कुणाचेही हात म्हणजे सुलोचना परब. साकीनाक्याच्या चाळीत राहायची, मूळची मालवणकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर कॉलनीत शिवणाची कामं करायला येऊ लागली होती. ती कार्ड घडी केलेल्या चादरीवर ठेवायची, ठशाच्या रेघेवर टाचणीने आधी बारीक भोकं पाडायची आणि मगच सुई घालायची. मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? ती म्हणाली, "बाई, कापड चूक पोटात घालता. कागद घालणा नाय. एकदा भोक पडला काय पडला." कुमुद तिथेच बसली होती. म्हणाली, "सुलू, गप्पा कमी. अजून वीस मोर बाकी आहेत."

कार्ड भरून झालं की मागे पातळ कागद चिकटवायचा, दोरे दिसू नयेत म्हणून. सुलूच्या कामात लपवण्यासारखं काहीच नसे. तिची उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ असायची, एक गाठ दिसायची नाही. तो कागद होता फक्त नावासाठी. कुमुदने स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला होता. आणि ते कागद चिकटवायचं, त्यावर शिक्का मारायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा हात सरळ. पट्टी लावून मारायचे मी.

एका दिवाळीत कॉलनीच्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन ठेवलं. जवळच्या मुलींच्या शाळेला शिवण-भरतकामासाठी बाई हव्या होत्या. तिथल्या मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या, मीही शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्यांना मीच बोलावलं आणि सुलूला सांगितलं, "सर्टिफिकेट नसलं तरी त्या काम बघून घेतील. तू फक्त ये. पुढचं मी बोलते." सुलू मोरपंखी साडी नेसून आली. दारातच तिने विचारलं, "माका जमात मां, बाई?" मी म्हटलं, "जमेल."

मुख्याध्यापिकांनी मोराचं कार्ड उचललं, बराच वेळ बघितलं, मग उलटून नाव वाचलं. "दिघेबाई, हे तुम्ही केलंत?"

"हो ना. रात्रंदिवस डोळे फोडलेत हो," कुमुद म्हणाली. "ही सुलू. दोरे कापून देते मला."

"मग टेबलावरच्या ह्या अर्धवट मोराच्या मानेवरचं एवढं एक पीस भरून दाखवा ना. कसं करता ते बघायचंय."

"अगंबाई, चष्मा वरच राहिला."

तेव्हा सुलूने काय करावं? तिने सुई उचलली, दोरा ओवला आणि कुमुदच्या हातात दिली. रोजची सवय. कुमुदने भोक न पाडता सुई थेट कागदात खुपसली आणि दोरा खेचला. मोराची मान टर्रकन फाटली. कुमुद ताबडतोब म्हणाली, "हिने दोराच जाड घेतला बघा. ह्या लोकांना कितीदा सांगायचं."

मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. हे काम कुणाचं?"

सुलू माझ्याकडे बघत होती. कुमुदही. हॉलमध्ये पन्नास बायका होत्या, कुमुदचा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि चारचौघांत तमाशा करू नये, हे मला लहानपणापासून पक्कं शिकवलं होतं. मी म्हटलं, "आमच्या मंडळाचं आहे. सगळ्यांनी मिळून केलंय."

मुख्याध्यापिका छान म्हणाल्या, चहा पिऊन निघून गेल्या. ती जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. सुलूने तिची टाचणी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले. "ऱ्हवांदे, बाई," एवढंच ती म्हणाली. परत कॉलनीत आली नाही. पुढे ती चाळ पाडली, सुलू कुठे गेली मला ठाऊक नाही. मी शोधलंही नाही.

त्यानंतर मंडळाची कार्डं बंद पडली. कुमुद म्हणायची, "लोकांना हल्ली कदर नाही गं." ती गेली तेव्हा त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. कुणीतरी म्हणालं, कुमुदताईंच्या बोटांत जादू होती. मी मान डोलावली. कुमुदची आयुष्यभर मनातल्या मनात कीव केली मी, पण तिच्या नावाचा शिक्का तिने एकदाही स्वतः मारला नव्हता.

तर अनया, ते कार्ड किटलीच्या वाफेवर धर. मागचा कागद मी कणकेच्या खळीने चिकटवला आहे, हलकेच सुटेल. मग उलट्या बाजूचं भरतकाम दोघं नीट बघा, आणि तिथेच कोपऱ्यात पेन्सिलीने लिही, सुलोचना परब. कागद परत लावू नकोस.