हार्पर्स रोच्या लोरेटा आंटी

लोरेटा आंटी परवा गेल्या. आणि ज्या माणसाने भर सभेत त्यांचा माईक बंद करायला लावला होता, त्याने आज सकाळी त्यांच्यावर पोस्ट टाकली. 'माय टीचर, माय इन्स्पिरेशन.'

खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. त्यातले निम्मे माझ्याही फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. म्हणून इथेच लिहितेय.

आंटी इथे सिंगापुरात, सेरंगूनला आमच्याच ब्लॉकमध्ये, चौथ्या मजल्यावर राहायच्या. कृष्णवर्णीय अमेरिकन. नवरा इथला, जहाजावर इंजिनिअर. तो वारला तरी त्या परत गेल्या नाहीत. मुलांना पिआनो शिकवायच्या.

आपल्या मराठी मंडळींपैकी एक काकू लिफ्टमध्ये दर वेळी विचारायच्या, "आफ्रिकेत कुठे?"

आंटी दर वेळी सांगायच्या, "अमेरिका." काकूंचा विश्वास कधी बसला नाही.

मी तरी काय वेगळी. माझ्या मुलीला, ईराला, क्लास लावताना नवऱ्याला विचारलं होतं, "या शिकवतील नीट?"

माझी नोकरी एका फंडात. लोकांचा पैसा घेऊन परदेशात इमारती बांधणारा फंड. एका शनिवारी ईराचा क्लास चालू होता आणि मी कोपऱ्यात लॅपटॉपवर नवीन प्रोजेक्टच्या स्लाइड्स करत बसले होते. अमेरिकेतलं एक शहर, हायवेलगतची रिकामी जमीन, वर चारशे फ्लॅट्स.

आंटी चहा द्यायला आल्या आणि स्क्रीनवरच्या नकाशाकडे बघत उभ्याच राहिल्या. मग बोट ठेवलं.

"हे माझ्या आईचं स्वयंपाकघर."

त्या बोटाच्या बाजूलाच मी टाइप केलेलं वाक्य होतं. 'जागेला उल्लेखनीय इतिहास नाही.'

त्यांनी ते वाचलं. रागावल्या नाहीत. ईराला म्हणाल्या, "तू स्केल्स वाजव." आणि माझ्याशेजारी बसल्या.

वस्तीचं नाव हार्पर्स रो. आंटींचे आजोबा दक्षिणेतलं कापसाचं शेत सोडून रेल्वेत हमाली करायला आले. शहरात काळ्या माणसाला कोणी घर देईना, म्हणून रुळांपलीकडच्या दलदलीत ही माणसं राहिली. दलदल बुजवली. स्वतःचा डॉक्टर, स्वतःचं वर्तमानपत्र, शिंपी, न्हावी, चर्च. स्वतःचं थिएटरसुद्धा, कारण गावातल्या थिएटरात त्यांना फक्त माळ्यावर बसू द्यायचे.

मग बँकांनी नकाशावर वस्तीभोवती लाल रेघ ओढली. इथे कर्ज नाही.

कर्ज नाही म्हणून छपरं गळायला लागली. छपरं गळतात म्हणून नगरपालिकेने झोपडपट्टी ठरवली. झोपडपट्टी म्हणून हायवे तिच्यावरूनच नेला.

आणि उरलेल्या जमिनीला मी, एसीत बसून, इतिहास नाही म्हणून सर्टिफिकेट दिलं.

"चर्चमागे आमची दफनभूमी होती," आंटी म्हणाल्या. "माझा भाऊ तिथे आहे. सात वर्षांचा होता. त्यांनी दगड हलवले. माणसं नाही हलवली."

आमच्या प्लॅनमध्ये तिथे बेसमेंट पार्किंग होतं.

मी साहेबांना सांगितलं. साहेब आपलेच, पुण्याचे. गणेशोत्सवात 'आपली मुळं' या विषयावर दर वर्षी भाषण करतात. ते खूश झाले.

"ब्रिलियंट. ऑथेंटिक व्हॉइस. इन्व्हेस्टर लंचला बोलव त्यांना. प्रोजेक्टचं नावच ठेवू, 'द रो'."

"आणि कबरी, सर?"

"ते लीगल बघेल."

आंटी आल्या. निळा ड्रेस, हॅट. थिएटरचा किस्सा सांगितला तेव्हा लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग त्यांनी चर्चच्या दफन-नोंदींच्या झेरॉक्स काढल्या आणि नावं वाचायला सुरुवात केली. चौथ्या नावाला साहेबांनी साउंडवाल्याला खूण केली.

माईक बंद झाला. डेझर्ट आलं.

आंटी माईकशिवाय वाचत राहिल्या. पहिल्या टेबलापलीकडे कोणाला ऐकू गेलं नाही. मी पहिल्याच टेबलावर होते. मला सगळं ऐकू गेलं.

मी उठले नाही.

माझा इथे नोकरी करायचा पास रिन्यूअलला होता. नोकरी गेली असती तर ईराची शाळा, घर, सगळं गुंडाळून परत. ही कारणं खरी आहेत. तरी त्या दिवशी मी भित्री होते, दुसरा शब्द नाही.

निघताना आंटींनी त्या झेरॉक्स माझ्या हातात ठेवल्या; तीन आठवडे त्या माझ्या बॅगेत होत्या. एक दिवस ईरा क्लासहून आली आणि म्हणाली, "मम्मा, आंटी नेव्हर स्कोल्ड यू मीन्स शी नॉट अँग्री, मेह?" इथल्या मुलांच्या इंग्लिशमध्ये विचारत होती, आंटी ओरडल्या नाहीत म्हणजे त्यांना राग आलाच नाही, असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी मी रिस्क मेमो लिहिला. झेरॉक्स जोडल्या, खाली माझं नाव घातलं आणि साहेबांना वगळून थेट प्रोजेक्ट मंजूर करणाऱ्या कमिटीला पाठवला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुला कळतंय का, तू काय केलंस?"

"हो, सर."

पुढे तिकडे जमीन तपासली. आंटी म्हणाल्या होत्या तिथेच कबरी निघाल्या. पार्किंग दुसरीकडे गेलं, ती जागा मोकळी सोडली. माझी बदली रिपोर्टिंगला, नुसते तक्ते भरायला, झाली. आणि साहेब एका कॉन्फरन्समध्ये 'हेरिटेज वाचवणारा फंड' यावर बोलून आले.

मी आंटींना जाऊन सांगितलं.

"बरं झालं," म्हणाल्या. "आता त्यांना आम्हाला वळसा घालून जावं लागेल."

काल व्हॉइड डेकवर, ब्लॉकखाली, शोकसभा होती. त्यांचे विद्यार्थी आले होते, काही तर चाळिशीचे. लिफ्टमधल्या काकू आल्या नाहीत. साहेबांचा बुके आला, कार्डावर आंटींच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं.

उद्या त्यांचा मुलगा थोड्या अस्थी घेऊन तिकडे निघतोय. आंटींच्या भावाशेजारी ठेवायला.

आता बांधून झालेल्या 'द रो'च्या मॅनेजमेंटने त्याला मेल पाठवलाय. ती मोकळी जागा रहिवाशांसाठी राखीव आहे, बाहेरच्यांनी आधी अपॉइंटमेंट घ्यावी.

त्याने घेतलेली नाही.

लोरेटा आंटी, सुखरूप घरी पोहोचा.